आपोआप थंडावणाऱ्या भट्टीला माणसं कशाला लागतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात. अणुअभियांत्रिकीत एमएस करायला अमेरिकेत जायचं चाललंय, आणि तिथल्या एका विद्यापीठाच्या संशोधन अणुभट्टीवर विद्यार्थ्यांना ऑपरेटरचं प्रशिक्षण मिळतं असं तुम्हाला कळलंय. घरचे धास्तावलेत. तुम्ही मात्र वाचलंय की ट्रायगा जातीची भट्टी आपली आपण थंडावते. म्हणून तुम्ही विचारता, ‘असं असेल तर ऑपरेटर नक्की करतो काय? नुसतं पॅनेलसमोर बसून राहायचं काम आहे का? आणि देखभाल म्हणजे पंपाला ग्रीस घालण्यापलीकडे काही असतं का?’

मी अशाच एका विद्यापीठाच्या २५० किलोवॅटच्या ट्रायगावर आधी विद्यार्थी म्हणून शिकले, मग ऑपरेटर झाले आणि पुढे बरीच वर्षं सीनियर ऑपरेटरच्या परवान्यावर काम केलं. तुमच्या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न मला असा दिसतो: ज्या यंत्राची राखण पदार्थविज्ञानच करतं, तिथे माणसाने राखायचं काय? माझ्या अनुभवात चालू भट्टीला पदार्थविज्ञान सांभाळतं. माणसाने सांभाळायचं ते पाणी, मोजमापं, आणि भट्टी बंद असतानाचे दिवस. यातला शेवटचा भाग बाहेरच्यांना सगळ्यात कमी ठाऊक असतो आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

काम कसं असेल हे कोणत्या भट्टीवर जाता यावर पुष्कळ अवलंबून आहे, हे आधीच सांगते. अमेरिकेत विद्यापीठांकडे आज पंचवीसच्या आसपास भट्ट्या आहेत. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये विद्यापीठाची पहिली भट्टी चालू झाली, तेव्हापासूनची ही परंपरा. मिसुरी विद्यापीठाची भट्टी १० मेगावॅटची आहे. ती जवळजवळ आठवडाभर अखंड चालते आणि रुग्णालयांसाठी समस्थानिकं बनवते. तिथलं काम कारखान्यातल्या पाळीसारखं. एमआयटीची ६ मेगावॅटची. आमची त्यापुढे चिमुकली, कामाच्या दिवशी काही तास चालणारी. मी जे सांगतेय ते छोट्या ट्रायगाबद्दल आहे. मोठ्या भट्टीवर गेलात तर तत्त्वं हीच राहतील, दिवसाचं वेळापत्रक मात्र पार वेगळं असेल.

आता ‘आपोआप थंडावते’ म्हणजे काय ते बघू. तारापूरसारख्या वीजकेंद्राचं चित्र डोळ्यांपुढून बाजूला सारा. इथे वाफ नाही, टर्बाइन नाही, दाबाचं भांडं नाही. सहा-सात मीटर खोल, वरून उघडी पाण्याची टाकी असते आणि तिच्या तळाशी इंधनाच्या कांड्यांचा एक जुडगा. आमच्या या जुडग्यात, म्हणजे गाभ्यात, सत्तरेक कांड्या होत्या. कांडी साधारण पावणेचार सेंटिमीटर जाड आणि सत्तरएक सेंटिमीटर लांब, वर स्टेनलेस स्टीलचं पातळ कवच. आत युरेनियम असतं, पण ते झिर्कोनियम हायड्राइडमध्ये मिसळलेलं, आणि सगळी किमया या मिश्रणात आहे. न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा हायड्रोजन इथे बराचसा इंधनाच्या आतच बसलेला आहे. इंधन तापलं की तोही त्याच क्षणी तापतो, आणि तापलेला हायड्रोजन न्यूट्रॉनला मंद करायचं सोडून उलट धक्का देऊन वेग वाढवतो. असा न्यूट्रॉन युरेनियमच्या तावडीत कमी सापडतो, अणू फुटण्याची साखळी मंदावते. वाट बघायची गरज नाही, कुठला सेन्सर नाही, कुणी बटण दाबायला नको.

ही कल्पना १९५६ च्या उन्हाळ्यात सॅन दिएगोत पुढे आली. नवशिक्या विद्यार्थ्याच्या हातीही भट्टी सुरक्षित राहिली पाहिजे असा पदार्थवैज्ञानिक एडवर्ड टेलर यांचा आग्रह होता, आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या फ्रीमन डायसन वगैरे मंडळींनी तो गणितात उतरवला. ३ मे १९५८ ला पहिली ट्रायगा क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी स्वतःच्या बळावर चालू राहिली. आम्ही विद्यार्थ्यांना हे प्रत्यक्ष दाखवायचो. एक दांडा दाबलेल्या हवेने एका झटक्यात वर उडवायचा. शक्ती शेकडो मेगावॅटवर जाते आणि काही शतांश सेकंदांत आपली आपण खाली येते. टाकीत निळा प्रकाश लखकन चमकून जातो. मी तो असंख्य वेळा पाहिलाय आणि तरी दरवेळी कठड्याशी जाऊन उभी राहायचे.

तर तुमचं वाचन बरोबर आहे. मात्र या गुणाची हमी काही अटींवर आहे: इंधन धड असलं पाहिजे, त्याच्याभोवती पाणी असलं पाहिजे, आणि गाभ्याची मांडणी कागदावर आहे तशीच प्रत्यक्षात असली पाहिजे. या अटी पाळल्या जाताहेत की नाही हे बघणं म्हणजेच ऑपरेटरचं काम.

सकाळची चेकलिस्ट तासभर तरी खायची. किरणोत्सार मोजणारी यंत्रं, हवेचा नमुना घेणारं यंत्र, पाण्याची पातळी, तापमान, वायुवीजन. प्रत्येक कंट्रोल रॉड (न्यूट्रॉन शोषून साखळी आवरणारा दांडा) थोडा उचलून स्क्रॅमचं, म्हणजे भट्टी झटकन बंद करण्याचं, बटण दाबायचं आणि तो पडतो ना ते बघायचं. रॉड विद्युतचुंबकाने धरलेले असतात. वीज गेली की चुंबक सुटतो आणि रॉड स्वतःच्या वजनाने खाली येतो, तोही एका सेकंदाच्या आत. नव्या विद्यार्थ्यांना चेकलिस्टमधली एक ओळ हमखास निरर्थक वाटते: न्यूट्रॉन स्रोताची मोजणी. बंद भट्टीत न्यूट्रॉन फार थोडे असतात. मोजणी शून्याच्या आसपास दिसली तर भट्टी शांत आहे की उपकरण मेलंय, हे कळायला मार्गच नाही. म्हणून गाभ्यात एक छोटा न्यूट्रॉन स्रोत ठेवतात, आणि ठरावीक मोजणी दिसल्याशिवाय इंटरलॉक, म्हणजे अडसर घालणारं सर्किट, रॉड उचलू देत नाही. आंधळेपणाने भट्टी सुरू करायची नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

त्यानंतर साखळी चालू ठेवायला लागते त्याहून गाभ्यात किती अतिरिक्त क्षमता शिल्लक आहे ते कमी शक्तीवर मोजायचं, आणि तिथून ‘शटडाउन मार्जिन’ काढायचं. म्हणजे सगळ्यात ताकदीचा एक रॉड पूर्ण वर अडकून बसला, तरी बाकीच्या रॉडांनी भट्टी बंद राहील का, आणि किती फरकाने. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता पाणी. माझं निम्मं आयुष्य पाण्याच्या वहीत गेलं असं म्हटलं तरी चालेल. ते पाणी इंधन थंड ठेवतं, न्यूट्रॉन मंद करायला हातभार लावतं, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला किरणोत्सारापासून आडोसा देतं. टाकी ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियमला क्षारांचं वावडं. शिवाय पाण्यात जे काही विरघळलेलं असेल त्यावर न्यूट्रॉनचा मारा होतो. साध्या मिठातलं सोडियम पंधरा तास अर्धायुष्याचा किरणोत्सारी सोडियम होऊन बसतं. म्हणून पाण्याचा काही भाग सतत क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या टाकीतून फिरवून शुद्ध ठेवायचा. शुद्धता कळते कंडक्टिव्हिटीवरून, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून. सेंटिमीटरला ५ मायक्रोसीमेन्स ही अशा भट्ट्यांच्या परवान्यांत सर्रास आढळणारी मर्यादा, आणि आम्ही एकच्या खाली असायचो. नळाच्या पाण्याची सहसा शेकड्यांत जाते, यावरून अंदाज करा.

या आकड्याची एक गोष्ट सांगते. आमचं रेझिन वर्षभर सहज टिकायचं. एका वर्षी ते चार महिन्यांतच दमलं. बदललं, पुन्हा तेच. मर्यादा कधीच ओलांडली गेली नव्हती, त्यामुळे कागदोपत्री सगळं ठीक होतं. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने कंटाळून का होईना, सहा महिन्यांच्या नोंदी आलेखावर मांडल्या आणि तिच्या लक्षात आलं की कंडक्टिव्हिटी फक्त भट्टी पूर्ण शक्तीवर चालवली त्या दिवशी संध्याकाळी जराशी चढते. पूर्ण शक्तीवर चालवलं की दुय्यम पंप चालतो, म्हणजे कूलिंग टॉवरकडचं पाणी उष्णता-विनिमयकातून फिरतं. आमच्याकडे त्या बाजूचा दाब मुद्दाम जास्त ठेवलेला होता. कुठे फट पडलीच तर बाहेरचं पाणी आत यावं, टाकीचं पाणी बाहेर जाऊ नये, हा हेतू. आणि नेमकं तेच होत होतं: विनिमयकाच्या एका गॅस्केटमधून थेंब थेंब बाहेरचं पाणी आत झिरपत होतं. गॅस्केट बदललं, रेझिन पुन्हा वर्षभर टिकायला लागलं. हिशेबाने रचलेली यंत्रणा बिघडतानाही बरोबर दिशेने बिघडली याचं मला समाधान वाटलं. आणि त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. देखभाल म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी अजून तिचा तो आलेख आठवते.

पाण्याची पातळीही अशीच बोलते. रोज थोडं पाणी वाफ होऊन जातं, तेवढं शुद्ध पाणी वरून घालायचं आणि लिहून ठेवायचं. हिवाळ्यात इमारत तापवलेली असते, हवा कोरडी पडते आणि बाष्पीभवन वाढतं. मग एखाद्या आठवड्यात जास्त पाणी लागलं की शंका येते: गळती तर नाही? त्यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. एक बादली टाकीच्याच पाण्याने भरून टाकीत टांगायची, आतली-बाहेरची पातळी सारखी ठेवायची. बाष्पीभवन दोन्हीकडे सारखंच होईल. काही दिवसांनी टाकीची पातळी बादलीपेक्षा खाली गेली तर पाणी दुसरीकडे कुठेतरी जातंय. लाखो रुपयांचं उपकरण जे सांगणार नाही ते ही बादली सांगते.

पाण्याबद्दल अजून एकच. भट्टी चालू असताना पाण्यातल्या ऑक्सिजनपासून नायट्रोजन-१६ तयार होतो. तो फार जोरदार गॅमा किरण सोडतो, पण त्याचं अर्धायुष्य फक्त ७ सेकंद. म्हणून गाभ्यावरून वर येणारा गरम पाण्याचा लोट एका छोट्या पंपाच्या धारेने आडवा फाकवतात. वर यायला थोडा जास्त वेळ लागला की बहुतेक सगळा विझून जातो. तो पंप नादुरुस्त असेल तर टाकीवरचा मीटर लगेच चुगली करतो.

मोजमापांकडे वळते. तुम्ही मेकॅनिकलचे, त्यामुळे हा भाग तुम्हाला आवडेल. पॅनेलवर ‘२५० किलोवॅट’ दिसतं, पण ते खरं कशावरून? न्यूट्रॉन मोजणारी नळी गाभ्याच्या बाजूला टांगलेली असते. ती दोन सेंटिमीटर सरकली तरी आकडा बदलतो. म्हणून वर्षातून निदान एकदा उष्णतामापनाने पडताळा घ्यायचा. थंड करणारी यंत्रणा बंद ठेवायची, भट्टी ठरलेल्या शक्तीवर चालवायची आणि टाकीचं तापमान तासाला किती चढतं ते बघायचं. टाकीत ९५ हजार लिटर पाणी असेल तर ते एका अंशाने तापवायला साधारण ३ लाख ९७ हजार किलोजूल लागतात. २५० किलोवॅट म्हणजे तासाला ९ लाख किलोजूल. म्हणजे तापमान तासाला सव्वादोन अंशांच्या थोडं वर चढलं पाहिजे. प्रत्यक्षात काँक्रीट आणि बाष्पीभवन थोडी उष्णता पळवतात, पाणी नीट मिसळलेलं नसेल तर थर्मामीटर फसवतं. ही सगळी दुरुस्ती हिशेबात घ्यायची. अकरावीतलं गणित आहे, पण त्यावर सगळ्या पॅनेलचा खरेपणा उभा आहे. मी विद्यार्थ्यांना हे कॅलक्युलेटरने, हाताने करायला लावायचे.

जुन्या भट्ट्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी इलेक्ट्रॉनिक्स. गाभा पन्नास-साठ वर्षं चालतो, पण पॅनेलमधली सर्किटं, रेकॉर्डर, रिले यांचे भाग मिळेनासे होतात. बंद पडलेल्या भट्ट्यांकडून सुटे भाग मागून आणणं ही नित्याची गोष्ट आहे. आणि ‘नवा डिजिटल मीटर बसवला’ इतकं ते सोपं नसतं. नवं उपकरण जुन्यासारखंच वागेल का, बिघडलं तर भट्टी बंद करण्याच्या दिशेने बिघडेल का, या बदलाला नियामकाची आधी परवानगी लागेल का, याचं लेखी मूल्यमापन करावं लागतं. एका मीटरसाठी चाळीस पानं लिहिल्याचं मला आठवतं, आणि ती लिहिताना जुन्या सर्किटबद्दल जे कळलं ते दहा वर्षं वापरून कळलं नव्हतं.

एका ऑगस्टमध्ये आमची भट्टी दुपारी तीनच्या सुमारास विनाकारण स्क्रॅम व्हायची. सर्किट बदललं, पॉवर सप्लाय बदलला, काही फरक नाही. शेवटी सापडलं ते असं: टाकीच्या वर, न्यूट्रॉन मोजणाऱ्या नळीच्या उच्चदाबाच्या केबलचा एक कनेक्टर होता आणि दमट दुपारी त्यावर ओलावा धरून करंट गळायचा. स्पिरिटने पुसला, वाळवला, नीट बंद केला. दोन आठवडे गेले त्यात. कोकणातल्या कुठल्याही वायरमनने पहिल्याच दिवशी ओलाव्याचं नाव घेतलं असतं.

आता भट्टी बंद असतानाच्या दिवसांकडे येते.

३ जानेवारी १९६१ च्या रात्री आयडाहोत एसएल-१ नावाच्या लष्करी भट्टीवर तीन जण काम करत होते. भट्टी बंद होती. देखभालीनंतर रॉड पुन्हा त्यांच्या यंत्रणेला जोडायचे होते, आणि त्यासाठी मधला रॉड हाताने थोडासा, काही सेंटिमीटर, उचलायचा होता. तो सुमारे अर्धा मीटर वर आला. त्या एकट्या रॉडमध्ये भट्टी क्रिटिकल करण्याची ताकद होती. काही मिलिसेकंदांत सगळं संपलं, तिघेही गेले. २३ सप्टेंबर १९८३ ला ब्युनोस आयर्समधल्या आरए-२ या छोट्याशा प्रायोगिक मांडणीत गाभ्याची रचना बदलत असताना एक ऑपरेटर दगावला. इंधन हलवण्याआधी टाकीतलं पाणी पूर्ण काढायला हवं होतं, ते काढलेलं नव्हतं. दोन्हीपैकी एकही भट्टी ट्रायगा नव्हती, विद्यापीठाचीही नव्हती. तरी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे दोन प्रसंग आधी शिकवायचे, कारण दोन्ही वेळा कुणी भट्टी ‘चालवत’ नव्हतं. ‘ताकदीचा एक रॉड वर अडकला तरी भट्टी बंदच राहिली पाहिजे’ ही मघाची अट आज सगळीकडे का आहे, हे एसएल-१ वरून कळतं.

भट्टी बंद असली की वातावरण सैलावतं. पॅनेलची किल्ली काढलेली असते, गप्पा चालू असतात, सुट्टीतले विद्यार्थी मदतीला आलेले असतात. आणि नेमकं त्याच दिवशी आपण गाभ्याला हात घालत असतो. रॉड दर दोन वर्षांनी बाहेर काढून तपासायचे. इंधनाच्या कांड्या ठरलेल्या क्रमाने, दर वर्षी काही, अशा फिरत्या पद्धतीने तपासायच्या. कांडी लांबली आहे का, वाकली आहे का, कवचावर खड्डा आहे का. साधारण सव्वातीन मिलिमीटरपेक्षा जास्त लांबली किंवा दीड-एक मिलिमीटरपेक्षा जास्त वाकली, की ती बाद. हे सगळं सहा मीटर पाण्याखाली, लांब दांड्याच्या टोकाशी असलेल्या पकडीने करायचं. कांडी कधीही पाण्याबाहेर येऊ द्यायची नाही.

अशा दिवशी आमच्याकडे एक जण पकड धरायचा, दुसरा हातात गाभ्याचा नकाशा घेऊन उभा राहायचा, तिसरा पॅनेलवर न्यूट्रॉनच्या मोजणीवर डोळा ठेवून. ‘डी सात मधली कांडी उचलतोय.’ ‘डी सात, उचल.’ ती जागेवर पोचली की पुन्हा तसंच. हे मोठ्याने, प्रत्येक वेळी, सत्तरावी कांडी असली तरी. एकदा मी नकाशा धरून होते आणि कांडीवरचा क्रमांक गाभ्याची मांडणी दाखवणाऱ्या फळ्यावरच्या बिल्ल्याशी जुळेना. विद्यार्थी म्हणाला, बिल्ला चुकीच्या खिळ्याला लागला असणार, पुढे जाऊ या. मी काम थांबवलं. उरलेली दुपार आम्ही प्रत्येक कांडीचा क्रमांक पाण्याखालच्या कॅमेऱ्याने वाचण्यात घालवली. निघालं ते असंच, आदल्या दिवशी बिल्ला चुकीचा लागला होता, गाभा बरोबर होता. तरी ती दुपार वाया गेली असं मला एक क्षणही वाटलं नाही. गाभा बरोबर आहे असा अंदाज असणं आणि तो बरोबर आहे हे माहीत असणं, यातलं अंतर कापायला तेवढा वेळ लागतोच.

टाकीच्या कठड्यावर जाण्याआधी खिसे रिकामे करायचे, चष्म्याला दोरी, प्रत्येक हत्याराला दोरी. पाना आत पडला तर तो इंधनाच्या मधल्या फटीत जाऊन पाण्याचा प्रवाह अडवू शकतो. पाऱ्याचं थर्मामीटर त्या खोलीतही आणायचं नाही, कारण पारा ॲल्युमिनियम खातो. हे नियम नव्या मुलांना जाचक वाटतात. कारण सांगितलं की वाटत नाहीत, असा माझा अनुभव. म्हणून नियमाबरोबर कारण सांगायचंच, ही माझी सवय.

प्रयोगांबद्दल थोडक्यात. भूगर्भशास्त्राचे दगड, मातीच्या जुन्या भांड्यांचे तुकडे असे नमुने गाभ्याजवळ नेऊन, त्यांत कोणती मूलद्रव्यं किती आहेत हे त्यातून येणाऱ्या किरणांवरून काढता येतं. नमुने हवेच्या दाबाने नळीतून काही सेकंदांत आत-बाहेर जातात, त्याला आम्ही ‘रॅबिट’ म्हणायचो. आत काय जाणार हे आधी सुरक्षा समितीपुढे मांडावं लागतं: तापल्यावर फुटेल का, वायू सोडेल का, न्यूट्रॉन किती गिळेल, बाहेर आल्यावर किती किरणोत्सारी असेल. उत्साही प्राध्यापकाला ‘आज नाही, पुढच्या बैठकीनंतर’ सांगायचं कामही ऑपरेटरच्याच वाट्याला येतं.

इथवरचं एका दमात: इंधनाचा गुणधर्म भट्टीला वाचवतो, पण इंधन, पाणी आणि मांडणी ही जशी असायला हवीत तशी ठेवणं माणसाच्या हाती आहे. त्यातली पाण्याची आणि मोजमापांची चूक हळूहळू दिसते. मांडणीतली चूक एका क्षणात घडू शकते.

आता तुमच्यासाठी व्यवहाराचं. परवाना अमेरिकेची अणुनियामक संस्था देते, विद्यापीठ नाही. प्रशिक्षण अभ्यासाबरोबर वर्षभर तरी चालतं. मग लेखी परीक्षा तीन भागांत: भट्टीचं शास्त्र, कार्यपद्धती व किरणोत्सार-सुरक्षा, आणि तिथली यंत्रणा. प्रत्येकात ७० टक्के लागतात. त्यानंतर परीक्षक प्रत्यक्ष भट्टीपाशी उभं करून विचारतो आणि चालवायला लावतो. परवाना सहा वर्षांचा, पण दर तिमाहीत निदान चार तास प्रत्यक्ष काम केलं नाही तर तो सक्रिय राहत नाही. मग सहा तास दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करून परत मिळवावा लागतो. बोटांच्या ठशांवरून पार्श्वभूमीची तपासणी होते. परदेशी नागरिकाला कुठवर प्रवेश द्यायचा हे ठिकाणानुसार बदलतं, तेव्हा हा प्रश्न अर्ज करण्याआधी थेट भट्टीच्या संचालकांनाच विचारा. तिथे पोचल्यावर कळून हिरमोड होण्यापेक्षा ते बरं.

घरच्यांना काय सांगायचं? अमेरिकेत किरणोत्साराचं काम करणाऱ्याला वर्षाला ५० मिलिसीव्हर्टची कायदेशीर मर्यादा आहे, भारतात पाच वर्षांची सरासरी २० आणि कुठल्याही एका वर्षात ३०. छोट्या ट्रायगावरच्या विद्यार्थ्याचा वर्षाचा डोस या मर्यादांच्या आसपासही जात नाही. अंगावरचा डोस मोजणाऱ्या माझ्या बॅजवर कित्येक महिने मोजण्याइतकं काही आलंच नाही. त्यांना बॅज, मासिक अहवाल आणि मर्यादा हे तिन्ही दाखवा. ‘काही होत नाही हो’ एवढ्याने आईची समजूत पटत नाही, माझ्याही आईची पटली नव्हती. पुढे ती आली तेव्हा तिला कठड्यापाशी उभं करून हातातला मीटर दाखवला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आणि इकडे परत यायचं मनात असेल तर हेही लक्षात घ्या. भारतात विद्यापीठांकडे स्वतःच्या अणुभट्ट्या नाहीत. संशोधन भट्ट्या अणुऊर्जा विभागाकडे आहेत. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ ला क्रिटिकल झाली, तीही अशीच पाण्याच्या टाकीतली होती. तिच्या जागी आलेली २ मेगावॅटची अप्सरा-यू सप्टेंबर २०१८ पासून आहे, आणि १०० मेगावॅटची ध्रुव १९८५ पासून. विद्यापीठातल्या संशोधकांना ध्रुवच्या न्यूट्रॉन किरणांवर प्रयोग करता येतात, त्यासाठी यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाची संयुक्त संस्था आहे. पण रॉड स्वतःच्या हाताने उचलायला शिकायचं असेल तर विद्यार्थिदशेत विद्यापीठाच्या भट्टीइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. म्हणून संधी मिळाली तर नक्की घ्या.

मात्र हो म्हणण्याआधी एकदा भट्टी बघायला जा. निळा प्रकाश तर दाखवतीलच. तो पाहून झाला की पाण्याची वही मागा आणि गेल्या सहा महिन्यांची पानं उलटा: नोंदी रोज आहेत का, हस्ताक्षरं निरनिराळ्या लोकांची आहेत का, एखादा आकडा जरा वेगळा आला तिथे कुणी शेजारी चार शब्द लिहिलेत का. मग गेल्या इंधन तपासणीत नकाशा कुणी धरला होता ते विचारा, आणि त्या मुलाशी किंवा मुलीशी, संचालक जवळ नसताना, अर्धा तास बोला.